रोज दुपारी मरणारा सातारा

संयोगिताला पुण्याच्या कंपनीनं हाकललं, ही आवई गावात पहिल्यांदा कुणी उठवली ते आता सांगता येणार नाही. पण पिठाच्या गिरणीपासून दूध डेअरीपर्यंत जाईस्तोवर तिला हातपाय फुटले होते. गिरणीत संयोगिता नुसतीच 'काढली' होती. डेअरीत पोचल्यावर ती 'दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकताना धरली' झाली. आणि इस्लामपूरच्या बाजाराची फेरी मारून आवई परत गावात आली, तेव्हा संयोगितानं कुठल्याशा परदेशी साहेबाचे फोन ऐकले होते, तिच्यावर केस चालू होती, आणि म्हणूनच ती आता साखर कारखान्याच्या एका गार खोलीत दार लावून, भिंतीला कान देऊन बसत होती.

शेजारच्या बयाबाईंनी तर संयोगिताच्या आईला, विजयमालाबाईंना, तोंडावरच विचारलं, "व्हय वो वैनी, तुमची संयोगिता समद्यांचं ऐकती म्हंत्यात. आमच्या घरातलं बी ऐकू येतंय का तिला तितनं?"

विजयमालाबाई भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या घरातलं ऐकाय मशीन कशाला पायजे. आमाला हितंच ऐकू येतंय."

खरी गोष्ट अशी, की संयोगिताला कुणी हाकललं नव्हतं. तिनं आपण होऊन राजीनामा दिला, कंपनीनं केक कापला, आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते अजून खोक्यातच आहे. कारखान्याला स्वतःची माहिती स्वतःच्या आवारात ठेवायची होती, त्यासाठी जाणतं माणूस हवं होतं. नवरा शिवतेज फौजेत, पोस्टिंग वरती थंडीत. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत एकटीनं डबा खाण्यापेक्षा आईच्या हातची भाकरी बरी, असा साधा हिशोब तिनं केला. आणि दुसरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. पुण्यात तिला नेहमी दुसऱ्यानं बांधलेलं घर झाडायला मिळायचं. इथं पाया तिनं स्वतः खणला होता.

ऐकते हे मात्र खरं. ती मशिनींचं ऐकते.

लहानपणापासूनच ही खोड. विहिरीवरची मोटर बंद पडली की बाकीचे वायरमनला हाका मारायचे, ही स्टार्टरच्या पेटीला कान लावून उभी. शाळेत तिचं नाव 'कशापायी' पडलं होतं, कारण मास्तरांनी काहीही सांगितलं की मागच्या बाकावरून तेवढाच एक शब्द यायचा. घरातला मिक्सर एकदा बंद पडला आणि आईनं एक चापट मारल्यावर सुरू झाला. सगळ्यांनी चटणी खाल्ली. ही तोंड पाडून बसली. "अगं, झालं की नीट," आई म्हणाली. "झालं, पण कशापायी झालं?" बिघडलेल्या वस्तूचं तिला वाईट वाटत नाही. आपोआप दुरुस्त झालेल्या वस्तूचं वाटतं.

तर कारखान्याची व्यवस्था अशी. उसाच्या नोंदी, वजनकाट्यावरचे फोटो, शेतावरून ड्रोन उडवून काढलेली चित्रं, हे सगळं एका जागी न ठेवता तीन जागी ठेवायचं: एक मशीन इस्लामपूरजवळ कारखान्यावर, दुसरी सांगलीच्या ऑफिसात, तिसरी साताऱ्याच्या. प्रत्येक गोष्टीची नक्कल तिन्हीकडे. सांगलीत पुराचं पाणी शिरलं तरी साताऱ्याला सगळं कोरडं. मशिनींना नावंही गावांचीच पडली, त्यामुळं ऑफिसात ऐकणाऱ्याला वाटायचं, इथं जिल्ह्यांचीच भांडणं चालली आहेत. सातारा बसला, सांगली फुगली, इस्लामपूर तापलं.

ही तिघं सारखी एकमेकांना विचारत असतात, हायस का? दुसऱ्यानं म्हणायचं, हाय. दिवसरात्र एवढंच. एखाद्याचं 'हाय' आलं नाही, की बाकीची दोघं पंचांकडे जातात. पंच म्हणजे आणखी काही प्रोग्रॅम, निवाडा करायला बसवलेले. दोघांची साक्ष जुळली की पंच लिहून टाकतात: तो मेला. मग त्याला सोडून कारभार सुरू. आणि तो जर जिता असेल, तर थोड्या वेळानं उठून येतो आणि आपल्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत, लिहितो, की मला उगाच मेला म्हटलंय. पण तोवर जे चुकलं ते सगळं त्याला पुन्हा शिकवायचं, आणि त्या गडबडीत वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर ताटकळत राहतो.

गणपती उठल्यापासून सातारा असा रोज दुपारी मरत होता.

कारखान्याचे चेअरमन लालासाहेब. त्यांचं कुठलंही वाक्य 'तसं बघायला गेलं तर' नं सुरू होतं आणि 'असो' वर बसतं. मधल्या मजकुरात ते आवाज न चढवता माणसाला भुईत गाडू शकतात. त्यांनी संयोगिताला बोलावून चहा दिला. तसं बघायला गेलं तर, ते म्हणाले, पोरी, तुझ्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. पण हंगामात काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली आणि तुझा सातारा मेला, तर लोक मला मारतील. अग्निप्रदीपनाआधी, म्हणजे हंगामाचा बॉयलर पेटवायच्या समारंभाआधी, हे का होतंय ते कळलं तर ठीक. नाहीतर सगळी माहिती पुण्याच्या कंपनीकडे द्यायची आणि त्या खोलीला कुलूप लावायचं. असो.

म्हणजे खोली गेली की पुणं, भाड्याची खोली आणि एकटीचा डबा. बयाबाईंची आवई उशिरा का होईना खरी ठरली असती. हाकलली.

कारखान्यावर सगळ्यांचं एकमत होतं, की खोट साताऱ्यात आहे. सांगलीकरांचं तर फारच एकमत होतं. साताऱ्याची मशीन आळशी, साताऱ्याची वीज तशी, साताऱ्याची माणसं दुपारी झोपतात तर मशीन का झोपू नये, इथवर गोष्ट गेली. संयोगितालाही आधी तसंच वाटलं. म्हणून तिनं साताऱ्याला बोलतं करायचं ठरवलं.

या मशिनी आपल्या लॉगमध्ये किती बोलतात, ते आकड्यानं ठरवता येतं. शून्य म्हणजे मुका. एक म्हणजे घर पेटलं तरच ओरडणार. पाच म्हणजे चारचौघं बोलतात तेवढं. आणि वीस म्हणजे बयाबाई: कोण आलं, कोण गेलं, येताना हातात काय होतं, जाताना काय नव्हतं. शिवाय प्रत्येक खात्याचा आकडा वेगळा ठेवता येतो: डिस्कचं वेगळं, निरोपांचं वेगळं, पंचांचं वेगळं. आणि त्यातही गंमत अशी, की आकडे दोन असतात. एक, लिहायचं किती. दुसरा, नुसतं मनात ठेवायचं किती. मनातलं मशीन एरवी बोलत नाही. खरोखर मरायला टेकली की शेवटच्या क्षणी सगळं भडाभडा ओकते.

आल्या आल्या पहिल्याच महिन्यात संयोगितानं हौसेनं तिघांचेही सगळे आकडे वीसवर नेऊन ठेवले होते आणि ती घरी जेवायला गेली होती. मशिनी बोलत सुटल्या. बोलून बोलून डिस्क भरली, पंचांना बसायला जागा उरली नाही, ते उठून गेले आणि सगळा कारभार ठप्प. सकाळचा सगळा वेळ कारखान्यात कुणाला काही उघडता येईना. तेव्हापासून तिनं दोन नेम केले. लागेल त्याच खात्याचा आवाज वाढवायचा, आणि तोही तात्पुरता. म्हणजे चालत्या मशीनला नुसतं तोंडी सांगायचं; कायमच्या सेटिंगमध्ये लिहायचं नाही. रागात चढलेला आवाज झोपून उठल्यावर उतरतो, तसा मशीन बंद करून चालू केली की तो आपोआप उतरतो. विसरून राहण्याची भीती नाही.

तसा तिनं साताऱ्याचा आवाज वाढवला. दुपारी सातारा मेला. तिनं लॉग उघडला आणि वाचता वाचता पुढं सरकून बसली. सातारा मरणाच्या वेळीही बोलत होता. सांगलीनं विचारलं, हायस का? हाय. परत विचारलं. हाय. हाय. शेवटी तर न विचारताच सांगत असल्यासारखा. आणि मनातलं काहीच ओकलेलं नव्हतं. खरा मरणारा ओकतो. हा मेलाच नव्हता.

म्हणजे ज्याच्यावर आळ, त्यालाच आपण इतके दिवस उलटसुलट विचारतोय. विचारायला हवं होतं तक्रार करणाऱ्याला.

तिनं सांगलीच्या निरोपांचा आवाज वाढवला, नेमाप्रमाणं तात्पुरता. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगली काय म्हणते ते ऐकायचं. तो दुसरा दिवस नेमका खंडेनवमीचा.

आता कारखान्याची रीत अशी, की खंडेनवमीला प्रत्येक यंत्र बंद करायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. बंद करायचंच. चालत्या यंत्राची पूजा म्हणजे पळत्या बैलाला ओवाळणं. सांगलीच्या ऑफिसचा वायरमन केरबा या बाबतीत कडक. त्यानं पंपापासून पंख्यापर्यंत सगळं थांबवलं, त्यात संयोगिताची सांगलीही थांबवली. पितांबरीनं पत्रा घासला, पुढं कुंकवाची पाच बोटं ओढली, माळ घातली आणि मग बटण दाबलं.

इकडं कारखान्यावर संयोगिता कान टवकारून बसली होती. दुपार झाली. सातारा मेला नाही. दुपार कलली. सातारा ठणठणीत. आणि सांगलीच्या लॉगमध्ये सकाळपासून एक अवाक्षर नाही. तिला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं, आणि तिनं केरबाला फोन लावला.

"केरबा, मशीन बंद केलीस का आज?"

"आवं म्याडम, आज न्हाई करायचं तर कवा करायचं? नारळ बी वाढवलाय. गोड निगाला."

आवाज उतरला होता. मशीन झोपून उठली आणि आपल्या नेहमीच्या एकावर आली. तोंडी सांगितलेलं सगळं नारळाबरोबर फुटलं.

बरं, केरबाला एवढं कळलं, की सातारा आज मेला नाही. त्यानं ते शिपायाला सांगितलं, शिपायानं कारकुनाला, आणि संध्याकाळपर्यंत लालासाहेबांचा फोन. तसं बघायला गेलं तर, ते म्हणाले, आपण एवढं शिकलो, पण शेवटी श्रद्धा म्हणून काही असतेच. केरबाच्या नारळानं काम केलं. छान झालं. असो. संयोगिता 'हो' म्हणाली आणि फोन ठेवून मिक्सरच्या वेळेसारखी बसून राहिली.

सगळ्या तालुक्यात त्या दिवशी एकच बाई असेल, जी नीट चाललेली वस्तू बंद पडू दे म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होती. कारण आज गप्प बसलेला रोग हंगामात उठणार, काट्यावर रांग लागलेली असताना उठणार, आणि मग कुलूप ठरलेलं. नारळानं खोली वाचली नव्हती. नारळानं फक्त तपास थांबवला होता.

तिनं केरबाला परत फोन केला. या वेळी प्रश्न उलटा. आज सांगलीच्या ऑफिसात काय काय झालं ते नको; काय काय झालं नाही ते सांग.

केरबाला असला प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यानं डोकं खाजवलेलं फोनवर ऐकू आलं. भांडण झालं न्हाई, तो म्हणाला. चा दोनदा आला न्हाई, एकदाच. साहेब आलं न्हाईत. चिटबॉय आलं न्हाईत.

चिटबॉय म्हणजे शेताशेतावर फिरून उसाच्या नोंदी घेणारी पोरं. हल्ली त्यांच्याकडं ड्रोन असतात, आणि खंडेनवमीला ड्रोनही पूजेला बसतात.

"ती पोरं एरवी कवा येत्यात, केरबा?"

"जेवान झालं की. समदीच एकदम येत्यात, सावली बघून. आन् आपापली कार्डं त्या मशीनीत खाली करत्यात. लय गोंगाट."

संयोगितानं फोन ठेवला. या वेळी ती हसत होती.

दसऱ्याला सुट्टी. सातारा त्या दिवशीही मेला नाही, आणि केरबाचं नाव आणखी मोठं झालं. संध्याकाळी सोनं द्यायला घरात माणसं जमली. संयोगिताची भाची, म्हणजे हे लिहिणारी, आपट्याचं पान हातात धरून सगळ्यांना केरबा करून दाखवत होती: नारळ कसा वाढवला, तो कसा गोड निघाला, आणि मशीन कशी लाजून नीट झाली. नंतर लालासाहेब करून दाखवले. 'असो' वर विजयमालाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. संयोगिता तेवढी नुसती बघत होती. उद्या सातारा पडणार, ती म्हणाली, आणि पोरांची जेवणं झाली की पडणार.

भाचीचा केरबावर विश्वास. पैज तिथंच लागली. सातारा उभा राहिला, तर मावशीनं घरातल्या सगळ्यांसमोर केरबाची नक्कल करायची, डोकं खाजवण्यासकट. पडला, तर भाचीनं अग्निप्रदीपनाच्या दिवशी, सकाळी उठल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत, कुणाचीही नक्कल करायची नाही.

"कुणाचीच?"

"बयाबाईंची बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगितानं आपला एक नेम मोडला. सांगलीच्या निरोपांचा आवाज तिनं या वेळी कायमच्या सेटिंगमध्ये लिहिला, म्हणजे आणखी कुणी नारळ फोडला तरी उतरू नये. फक्त निरोपांचा, आणि वीसवर नाही, दहावर. लॉग वेगळ्या डिस्कवर टाकला, म्हणजे बोलणं वाढलं तरी पंचांचं आसन शाबूत. मग डबा उघडून बसली, पण भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

दुपारी सांगलीत पोरं जेवली, सावलीला आली, एकदम सगळी कार्डं मशीनला लावली. आणि सातारा मेला.

सांगलीच्या लॉगमध्ये ती ओळीओळीनं वाचत गेली. साताऱ्याचं 'हाय' येत होतं. वेळेवर निघत होतं आणि सांगलीच्या दारात येऊन ड्रोनच्या फोटोंच्या मागं उभं राहत होतं. तोवर सांगली पंचांकडं पोचलेली असायची. पण साक्ष दोघांची लागते. इस्लामपूर का खोटं बोलतंय? तेही निघालं. इस्लामपूरहून साताऱ्याला सरळ हायवे आहे, पण भाड्यानं घेतलेली केबल हायवेनं जात नाही. ती इस्लामपूरहून सांगलीला जाते, आणि सांगलीहून, जरा अरुंद होऊन, साताऱ्याला. म्हणजे इस्लामपूरचा निरोपही त्याच गर्दीत अडकलेला. दोन साक्षीदार, पण दोघांचं ऐकणं एकाच बोळातून.

तिनं लालासाहेबांना हे मशीनच्या भाषेत सांगितलंच नाही. पाटाच्या भाषेत सांगितलं. पाट एकच आहे, साहेब. दुपारी सगळे एकदम मोठ्या वाफ्याला पाणी सोडतात. शेवटाला एक तुळस आहे, तिला ओंजळभर पाणी पुरतं, पण तेवढंही पोचत नाही. मग आपण म्हणतो, तुळस वाळकीच होती.

लालासाहेब दहा-बारा एकरांचे मालक, पाण्याच्या पाळीवरून भावाशी बोलणं टाकलेले. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे सांगली बहिरी नव्हती."

"नाही साहेब. कान फोटोंनी भरले होते."

लालासाहेबांनी चहा मागवला. मग विचारलं, तुळशीला पाण्याचा वेगळा दंड, छोटा पाट, काढता येतो का. येतो, ती म्हणाली. 'हायस का' आणि 'हाय' यांना केबलमध्ये राखीव वाट ठेवायची, फोटोंना उरलेली, आणि तीही बारीक धारेनं. काम त्याच आठवड्यात झालं. पोरांनी परत एकदम कार्डं लावली, मुद्दाम लावायला लावली. सातारा हलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तिनं सांगलीचा आवाज परत एकावर आणला, सेटिंगमधली ओळ आठवणीनं पुसली, आणि लालासाहेबांनी कुलपाचं नावही न काढता तिला विचारलं, फलटणकडच्या ऑफिसात चौथी मशीन बसवायची झाली तर खोली केवढी लागेल. नोकरी राहिली हे तिला त्यावरून कळलं.

केरबाला कुणी काही सांगितलं नाही. तो अजून म्हणतो, नारळानंच केलं, फक्त गुण यायला वेळ लागला. संयोगिता त्यावर वाद घालत नाही. वेळ कशापायी लागला, एवढंच विचारते.

राहता राहिलं अग्निप्रदीपन, आणि भाचीनं हरलेली पैज. मांडव, सनई, संचालक मंडळ झाडून हजर. लालासाहेबांनी माईक हातात घेतला आणि 'तसं बघायला गेलं तर' म्हणाले. पहिल्या पाच मिनिटांत ते तीनदा म्हणाले. मग त्यांनी भाषणात तुळशीचा दृष्टांत दिला आणि तो आपल्यालाच पहाटे सुचल्याचं सांगितलं. त्यांच्यामागून एक पाहुणे उठले, जे प्रत्येक शब्दाआधी घसा खाकरत होते. मग एक बाई, ज्यांचा माईक शिट्ट्या मारत होता आणि त्या माईकलाच दटावत होत्या. शेवटी केरबा, सत्काराचा नारळ हातात घेऊन, दोन शब्द बोलायला. सगळी भावंडं माना वळवून भाचीकडं बघत होती, ओठ दाबून, आता सुरू करेल म्हणून. भाचीनं तोंडात पेढा कोंबला. शेजारी बसलेल्या मावशीनं तिच्या हातावर दुसरा ठेवला आणि पुढचं भाषण ऐकायला लागली.